मोहोर आला का? कोट्या, ऋतू आणि वाचकांचे प्रश्न

माघ महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांत दोन विषय हटकून असतात: झाडापानांत दिसणारे बदल आणि मराठीतल्या कोट्या. यंदा काही वाचकांनी हे दोन्ही एकाच पत्रात आणले आहेत, आणि बहुतेक पत्रांत परदेशी राहणारे किंवा परदेशाहून आलेले कोणी ना कोणी आहे. म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्यांना दिले आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या नातवाने फोनवर एक विनोद सांगितला. ‘फेब्रुवारी मार्च करू शकेल का? नाही, पण एप्रिल मे.’ मला हसू आले; परंतु तोच विनोद घरात मराठीत समजावून सांगताना त्यातला सगळा जीव गेला. कोट्या सर्वच भाषांत होतात का, आणि समजावल्या की त्या मरतातच का? (एक निवृत्त शिक्षक, कोथरूड)

उत्तर : आधी या विनोदाची घडण पाहू. इंग्रजीत ‘मार्च’ हे महिन्याचे नाव आहे आणि पावले टाकत चालणे या अर्थाचे क्रियापदही आहे. ‘मे’ हे महिन्याचे नाव आहे आणि ‘करू शकेल’ या अर्थाचे साहाय्यक क्रियापदही आहे. त्यामुळे वाक्य व्याकरणाने पुरे होते आणि त्याच वेळी फेब्रुवारी ते मे ही चार महिन्यांची रांगही न मोडता पुरी होते. मराठीत ‘मार्च’च्या जागी ‘संचलन’ घातले तर अर्थ येतो, पण रांग मोडते. आणि गंमत सगळी त्या रांगेत होती. त्याच भाषेत वसंत ऋतूला ‘स्प्रिंग’ म्हणतात, आणि हाच शब्द उडी, झरा व गादीतले लोखंडी वेटोळे यांनाही लागतो, कारण या सर्वांच्या मुळाशी उसळून वर येण्याची एकच कल्पना आहे. मराठीने त्यातले फक्त वेटोळे उचलले. त्यामुळे गादीच्या दुकानावर ‘स्प्रिंग आली’ अशी पाटी लागली, तर पुणेकराला माल आल्याचे कळेल, ऋतू आल्याचे कळणार नाही.

कोट्या सर्व भाषांत होतात. माणसाच्या तोंडून निघणारे ध्वनी मोजके आणि सांगण्याच्या गोष्टी अमाप, त्यामुळे एकाच ध्वनीवर दोन अर्थांनी हक्क सांगणे कोणत्याच भाषेत टळत नाही. आपल्या मातीशी नाते असलेले याचे सर्वांत गाजलेले उदाहरण प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाचे आहे. ते काश्मीरच्या सोमदेवाने अकराव्या शतकात ‘कथासरित्सागरा’त सांगितले आहे, आणि योगायोग असा की प्रसंग वसंतोत्सवाचाच आहे. राजा राण्यांसह जलक्रीडा करीत असता एक राणी पाण्याच्या माऱ्याने दमली आणि म्हणाली, ‘मोदकैर्देव परिताडय माम्’. तिच्या मनात ‘मा उदकैः’ होते, म्हणजे ‘महाराज, मला पाण्याने मारू नका’. राजाने ‘मोदकैः’ ऐकले आणि ताबडतोब मोदक मागवले. राणी हसली. राजाला इतकी लाज वाटली की त्याने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. दरबारातला पंडित गुणाढ्य म्हणाला सहा वर्षांत शिकवतो, दुसरा पंडित शर्ववर्मा म्हणाला सहा महिन्यांत. आणि हे सहा महिन्यांत झाले तर आपण संस्कृत, प्राकृत व देशी या तिन्ही भाषा सोडू, अशी प्रतिज्ञा गुणाढ्याने केली. कथेप्रमाणे शर्ववर्मा जिंकला, त्यातून ‘कातंत्र’ हे व्याकरण आले. आणि हरलेल्या गुणाढ्याने पैशाची भाषेत ‘बृहत्कथा’ रचली. एका न कळलेल्या संधीतून एक व्याकरण आणि एक प्रचंड कथाग्रंथ निघावा, इतके उत्पन्न दुसऱ्या कोणत्या कोटीने दिल्याचे आमच्या पाहण्यात नाही. ती कोटी राणीने मुद्दाम केलेलीही नव्हती!

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते राणीने राजाला ऐकवलेले बोल. तिने त्याच्यावर दोन आरोप ठेवले: तुला ‘मा’ आणि ‘उदक’ यांचा संधी कळत नाही, आणि तुला प्रकरणही कळत नाही. प्रकरण म्हणजे बोलण्याचा संदर्भ, प्रसंग. पाण्यात उभ्या असलेल्या बाईला मोदक कशाला हवे असतील, एवढा विचार केला असता तर व्याकरण न येताही राजा वाचला असता. कोटी समजावून सांगताना आपण संधी सोडवून दाखवू शकतो. प्रकरण मात्र ऐकणाऱ्याच्या मनात आधीपासून असावे लागते. पहिल्या अर्थाची वाट धरून बसलेल्या माणसाला दुसरा अर्थ अचानक भेटला तरच हसू येते. दोन्ही अर्थ आपणच एकामागून एक हाती दिले, तर त्याला वाट पाहायला वेळच उरत नाही. तेव्हा भाषांतर न करता त्याच जातीची मराठी कोटी सांगावी, हे उत्तम. उदाहरणार्थ, ‘यंदा तुमच्याकडे मोहोर आहे का?’ या प्रश्नाला ‘आहे ना, बँकेच्या लॉकरमध्ये आहे’ असे उत्तर द्यावे. नंतर हीच कोटी नातवाला इंग्रजीत समजावून सांगण्यास बसावे, म्हणजे फिट्टंफाट होईल.

प्रश्न : इंग्रजी दूरची भाषा झाली. हिंदी तर आपल्या शेजारची. मग हिंदीतली कोटी मराठीत जशीच्या तशी का येत नाही? (एक वाचक, रास्ता पेठ)

उत्तर : पुष्कळदा येते, आणि जेव्हा येत नाही तेव्हा अगदी उंबरठ्यावर अडखळते. अमीर खुस्रो (१२५३–१३२५) याच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या ‘दोसुखन्यां’त दोन प्रश्नांना एकच उत्तर असते. ‘जूता क्यों न पहना? समोसा क्यों न खाया?’ उत्तर: ‘तला न था’. जोड्याला तळ नव्हता आणि समोसा तळलेला नव्हता. आता मराठी पाहा: तळ आपल्याकडे आहे, तळणेही आहे, समोसा तर चौकाचौकांत आहे. तरीही जोड्याला ‘तळ नव्हता’ म्हणावे लागते आणि समोसा ‘तळला नव्हता’ असे म्हणावे लागते. एका ‘ला’ने घात केला. जाता जाता सांगण्याजोगे म्हणजे, दिल्लीच्या निजामुद्दीन दर्ग्यात आजही पिवळी फुले घेऊन वसंत साजरा होतो आणि त्या प्रथेची आख्यायिका याच खुस्रोशी जोडलेली आहे.

प्रश्न : ‘काकः कृष्णः पिकः कृष्णः को भेदः पिककाकयोः । वसन्तसमये प्राप्ते काकः काकः पिकः पिकः ॥’ हे सुभाषित आम्ही शाळेत पाठ केले. शेवटच्या चरणात ‘कावळा कावळा, कोकीळ कोकीळ’ एवढेच म्हटले आहे. ही पुनरुक्ती झाली. हिला चमत्कृती का म्हणावे? (एक वाचिका, सहकारनगर)

उत्तर : कारण दुसऱ्यांदा येणारा शब्द पहिल्याचा अर्थ सांगत नाही. पहिला ‘काक’ म्हणजे तो समोरचा काळा पक्षी, दुसरा ‘काक’ म्हणजे कावळेपणा: कर्कश आवाज आणि त्याबरोबर येणारे सगळे. काव्यशास्त्रकार आनंदवर्धनाने नवव्या शतकात अशा जागांचा विचार केला आहे. शब्द आपला अर्थ टाकून देत नाही, पण त्याच अर्थाच्या पुढच्या खोलीत जाऊन बसतो. या प्रकाराला शास्त्रात अर्थांतरसंक्रमित असे भारदस्त नाव आहे. मराठी माणूस हे शास्त्र न वाचताही रोज वापरतो. ‘शेवटी आई ती आई’, ‘पुणे ते पुणेच’ ही वाक्ये त्याच घडणीची आहेत, आणि दुसऱ्या वाक्यातले दुसरे ‘पुणे’ कौतुकाचे की तक्रारीचे हे बोलणारा कुठल्या गावचा आहे यावर ठरते.

या सुभाषितात आणखी एक कारागिरी आहे. दोन्ही पक्षी सारखेच काळे आहेत, तेव्हा डोळ्यांना उत्तर मिळत नाही; उत्तर कानांना मिळते, आणि तेही ठरावीक काळ आल्यावरच. म्हणजे वसंत हेच इथे प्रकरण आहे. तो येईपर्यंत शब्द दुहेरी अर्थाने पडून राहतो आणि तो आल्यावर अर्थ सुटतो. पक्षिशास्त्राच्या दृष्टीने मात्र कवीने अर्धेच चित्र दिले आहे. काळा असतो तो नर कोकीळ. मादी तपकिरी आणि पांढऱ्या ठिपक्यांची असते. ‘कुहू’ नरच करतो, आपल्या कविता कितीही ‘कोकिळा गाते’ म्हणोत. आणि मादी अंडी घालते कावळ्याच्याच घरट्यात. तेव्हा ‘को भेदः’ हा प्रश्न कवीला सुचला असला तरी त्याचे उत्तर न सापडल्याची किंमत कावळा पिढ्यान्‌पिढ्या मोजत आला आहे.

प्रश्न : मी जपानी भाषा शिकले आणि सध्या जपानी लोकांबरोबर काम करते. आमचे वरिष्ठ बैठकीत शाब्दिक कोट्या करतात आणि त्यांचेच सहकारी कपाळाला हात लावतात. जुन्या जपानी कवितेत मात्र कोटीला मान होता असे वर्गात शिकवले होते. यातले खरे काय समजावे? (एक वाचिका, औंध)

उत्तर : दोन्ही खरे आहे, आणि ही स्थिती मराठी वाचकाला परकी वाटू नये. रोजच्या बोलण्यातल्या कोटीला जपानीत ‘दाजारे’ म्हणतात आणि मध्यमवयीन पुरुषांच्या अशा विनोदांना ‘ओयाजी गॅग’ असे थट्टेचे नाव आहे. आपल्याकडे ज्याला ‘पीजे’ म्हणून हिणवतात त्याचाच हा सख्खा भाऊ. परंतु सुमारे ९०५ साली सम्राटाच्या आज्ञेने सिद्ध झालेल्या ‘कोकिन्शू’ या काव्यसंग्रहात हीच युक्ती कवितेचा कणा आहे. एकच शब्द मागच्या वाक्याचा शेवट आणि पुढच्या वाक्याचा आरंभ होतो. मागून वाचला तर एक अर्थ, पुढून वाचला तर दुसरा. या संग्रहाचा एक संपादक की नो त्सुरायुकी याच्या एका कवितेत ‘हारु’ हा शब्द असा बसवला आहे. ‘हारु’ म्हणजे कोंब फुगणे आणि ‘हारु’ म्हणजे वसंत. धुके पसरले आहे, झाडांचे कोंब फुगत आहेत, असे म्हणता म्हणता त्याच शब्दावरून कविता वसंतातल्या बर्फावर जाते, आणि तो बर्फ पडू लागला की फुले नसलेल्या गावातही फुलेच गळत असल्याचा भास होतो. कोंब फुगणे ही वसंताची खूण आणि वसंताचे नाव, ही दोन्ही त्या भाषेत एकाच उच्चारात बसतात. हे भाग्य आपल्या ‘वसंता’ला लाभलेले नाही.

दुसरा शब्द ‘मात्सु’. त्याचा एक अर्थ पाइन वृक्ष, दुसरा वाट पाहणे. नवव्या शतकातला आरिवारा नो युकिहिरा राजधानी सोडून इनाबा प्रांती निघाला तेव्हा म्हणाला, की तिथल्या शिखरावरच्या ‘मात्सु’प्रमाणे तू ‘मात्सु’ करीत आहेस असे कानी आले तर मी तत्काळ परत येईन. इनाबा या नावातही ‘गेलो तर’ असा अर्थ लपलेला आहे. निरोपाच्या पाच ओळींत दोन कोट्या आहेत आणि तरीही कोणी हसत नाही. कोटी हसवण्यासाठीच असते हा आपला समज येथे तपासून घ्यावा लागतो. आपल्याही परंपरेत बारामतीच्या मोरोपंतांनी (१७२९–१७९४) ओठांनी उच्चारायची अक्षरे पूर्णपणे टाळून ‘निरोष्ठ रामायण’ रचले आणि वामन पंडितांना लोकांनी ‘यमक्या वामन’ म्हटले. पाठ्यपुस्तकातली दमयंती आईला ‘औषध न लगे मजला’ म्हणते तेव्हा ‘नल गे’ ऐकू येणारा विद्यार्थी हसतो, पण दमयंती हसत नसते. पुढे हे सगळे केवळ शब्दांचे खेळ ठरले आणि कोटी काव्यातून उतरून गप्पांच्या मैफलीत आली. तिथे तिला पुन्हा प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत पु. ल. देशपांडे अग्रभागी होते. सिंहगड रस्त्यावरचे पुणे-ओकायामा मैत्री उद्यान, म्हणजे ओकायामातील कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभी राहिलेली जपानी बाग, त्यांच्याच नावाने ओळखली जाते. इतकी चपखल जोडणी एखाद्या कोटीबहाद्दरालाही सुचली नसती. आपल्या वरिष्ठांना तेथे एकदा अवश्य न्यावे. बैठकीतील शिष्टाचाराबद्दल विचाराल तर पहिल्या कोटीला हसावे. दुसरीपासून त्यांच्या सहकाऱ्यांचे अनुकरण करावे.

प्रश्न : आमच्या कारखान्यासाठी यंत्रे पुरवणाऱ्या चिनी गृहस्थांच्या कार्यालयात लाल कागदावरचे एक अक्षर दारावर उलटे चिकटवलेले दिसले. चूक दाखवून द्यावी, की गप्प बसावे? (एक वाचक, चिंचवड)

उत्तर : गप्प बसावे. ती कोटीच आहे. ते अक्षर ‘फू’, म्हणजे सौभाग्य. चिनी भाषेत ‘उलटे’ या अर्थाचा ‘दाओ’ आणि ‘येऊन पोहोचले’ या अर्थाचा ‘दाओ’ यांचा उच्चार एकच, सूरही एकच. पाहुणा दारात येऊन ‘अहो, तुमचा फू उलटा लागला’ असे म्हणाला की त्याच्या तोंडून ‘तुमच्या घरी सौभाग्य आले’ असा आशीर्वाद निघतो. म्हणजे आपण चूक दाखवली असती तरी ते गृहस्थ प्रसन्नच झाले असते! त्यांच्या नववर्षाला ‘वसंतोत्सव’ म्हणतात, आणि तो २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात केव्हातरी येतो, जेव्हा उत्तर चीनमध्ये अजून कडाक्याची थंडी असते. ऋतू आलेला नसतो. त्याला ‘आला’ म्हणवून घेण्याची सोय आधी दारावर केलेली असते. नववर्षाच्या आदल्या रात्रीच्या जेवणात मासा लागतो, कारण ‘यू’ म्हणजे मासा आणि ‘यू’ म्हणजे शिल्लक. आणि शिल्लक राहावी म्हणून पुष्कळ घरी तो पूर्ण संपवत नाहीत.

प्रश्न : आम्ही दोन वर्षांपूर्वी दिल्लीहून पुण्यात आलो. इथे थंडी संपली की थेट उन्हाळा, वसंत दिसतच नाही. फेब्रुवारीच्या शेवटी वेताळ टेकडीवर गुलाबी फुलांनी भरलेली झाडे पाहिली. ती चेरी असावीत का? पुण्यात वसंताच्या खुणा शोधायच्या तरी कशात? (एक वाचिका, पाषाण)

उत्तर : ती चेरी नव्हेत. चेरीला फुलण्याआधी थंडीचा मोठा मुक्काम लागतो आणि तो पुण्यात मिळत नाही. आपण पाहिले ते ग्लिरिसिडिया, मूळचे मेक्सिको आणि मध्य अमेरिकेचे, टेकड्या हिरव्या करण्याच्या हेतूने लावलेले झाड. त्याला मराठीत गिरिपुष्प म्हणतात. हे नाव मूळ नावाच्या उच्चाराजवळ जाते आणि अर्थानेही डोंगरावर शोभते, म्हणून आम्हांला ते आवडते. लॅटिन नावाचा अर्थ मात्र उंदीर मारणारा असा रुक्ष आहे आणि त्यावरून ‘उंदीरमारी’ हेही नाव पडले आहे. समाजमाध्यमांवर दरवर्षी हे झाड ‘पुण्यातली चेरी’ म्हणून फिरते. थंड देशांच्या खुणा इथे शोधू लागले की अशी फसगत व्हायचीच, आणि वसंत दिसत नाही ही तक्रारही तिथूनच येते.

थंड देशांत झाडे शरद ऋतूत पाने टाकतात, महिनोन्‌महिने उघडी राहतात आणि ऊब आली की पालवतात. तिथे वाट पाहणे म्हणजे उघड्या फांदीकडे पाहणे. पुण्यात पाऊस साधारण ऑक्टोबरात सरतो, जानेवारीपर्यंत जमिनीतला ओलावा उतरतो आणि झाडे पाणी वाचवण्यासाठी पाने टाकू लागतात. म्हणजे आपल्याकडे पानगळ हीच वसंताची पहिली चाहूल. पानगळ आणि पालवी यांत अंतर इतके थोडे असते की पिंपळाखाली एका आठवड्यात वाळक्या पानांचा खच दिसतो आणि पुढच्या आठवड्या-दोन आठवड्यांत वर तांबूस, तकतकीत पाने हलू लागतात. शिवाय काही झाडे पाने पूर्ण टाकून त्या मोकळ्या फांद्यांवरच फुलतात, त्यामुळे मैना, बुलबुल, शिंजीर यांना मधाचे ठिकाण दुरून दिसते आणि परागीभवनाचे काम होते. काटेसावर यांत पहिली. तिची लाल, जाड पाकळ्यांची फुले जानेवारीच्या अखेरीपासून दिसू लागतात. पाठोपाठ पांगारा आणि पळस येतात. ‘पळसाला पाने तीनच’ ही म्हण आपण कुठेही गेलो तरी परिस्थिती तीच, या अर्थाने वापरतो. परंतु फाल्गुनात पळसाजवळ जाऊन पाहावे, तीन सोडा, एकही पान नसते. आंब्याचा मोहोर या सर्वांच्या आगेमागे, हवामान आणि झाडाचा वाण यांप्रमाणे येतो, आणि ढगाळ हवेने त्याची नासाडी झाली की वर्षभराची चर्चा ठरलेली. फेब्रुवारी सरता सरता पहाटे कोकीळ ऐकू येऊ लागतो. बहावा पिवळा होईल तेव्हा मात्र वाट पाहणे थांबवावे. तो उन्हाळ्याच्या वहीतला आहे.

आमची एक सूचना आहे. घराजवळचे एखादे झाड निवडावे आणि त्याचे पहिले फूल किंवा पहिली पालवी ज्या दिवशी दिसेल तो दिनांक दरवर्षी लिहून ठेवावा. क्योतो शहरात चेरीच्या बहराच्या नोंदी रोजनिश्यांमधून नवव्या शतकापासून मिळतात. २०२१ साली तिथला पूर्ण बहर २६ मार्चला आला, आणि तो तोपर्यंतच्या बाराशे वर्षांच्या नोंदींतला सर्वांत लवकरचा ठरला. हवामान बदलाचा हा पुरावा दरबारी लोकांनी आणि भिक्षूंनी सहज लिहून ठेवलेल्या ओळींमुळे हाती आला. टोकियोत यासुकुनी मंदिरातले एक झाड नमुना म्हणून ठरवलेले आहे, आणि त्यावर पाच-सहा फुले उमलली की हवामान खाते बहर सुरू झाल्याचे जाहीर करते. आपल्या पिंपळाबाबत असे कोणी जाहीर करणार नाही, तेव्हा वही आपणच ठेवावी.

प्रश्न : पेनसिल्व्हेनियात राहणारी माझी मुलगी सांगते की तिथे एक प्राणी बिळातून बाहेर येऊन वसंत कधी येणार ते सांगतो. शिकलेले लोक हे खरे मानतात? (एक वाचिका, लष्कर परिसर)

उत्तर : मानत नाहीत, पण पाहायला मात्र हजारोंनी जातात. त्या प्राण्याचे नाव ग्राउंडहॉग, खारीच्या कुळातला पण चांगला गुबगुबीत. पंक्सटॉनी या गावी १८८७ पासून २ फेब्रुवारीला हा समारंभ होतो. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर, असा संकेत आहे. जर्मनीहून आलेल्या लोकांनी ही समजूत बरोबर आणली. तिकडे हे काम बिज्जूसारख्या एका प्राण्याकडे होते. पंचांग उघडले तर यातला विनोद कळतो: २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मोजले की १६ मार्च येतो आणि वसंतसंपात २० मार्चच्या सुमारास असतो, म्हणजे प्राण्याने काहीही सांगितले तरी हिवाळा जवळजवळ तेवढाच उरलेला असतो. बल्गेरियातली रीत आम्हांला अधिक पसंत आहे. तिथे १ मार्चला लाल-पांढऱ्या दोऱ्याचे बंध एकमेकांना बांधतात आणि करकोचा, पाकोळी किंवा फुललेले झाड दिसेपर्यंत ते काढत नाहीत. मग तो दोरा त्या झाडालाच बांधून टाकतात. आणि सरकारी शिक्का हवा असेल तर जिनिव्हाला जावे. तिथे एका ठरलेल्या चेस्टनटच्या झाडाला पहिले पान फुटल्याची नोंद १८१८ पासून ठेवली जाते आणि विधिमंडळाचा सचिव ती अधिकृतपणे जाहीर करतो. ही पद्धत पुण्याने उचलली असती तर निवेदनाखाली ‘पान मोजले आहे, पुन्हा विचारू नये’ अशी एक ओळ नक्की आली असती.

प्रश्न : पुण्यात ‘वसंतोत्सव’ जानेवारीत होतो आणि ‘वसंत व्याख्यानमाला’ एप्रिल-मेच्या उकाड्यात. वसंत नेमका कुठला? (एक वाचक, नारायण पेठ)

उत्तर : पहिल्या नावात श्लेष आहे. तो संगीतमहोत्सव डॉ. वसंतराव देशपांडे यांच्या स्मरणार्थ होतो, तेव्हा तो वसंताचा उत्सव आहे, फक्त ऋतूचा नाही. तरीही ऋतूचा अर्थ अगदीच पोरका नाही, कारण वसंत पंचमी माघ शुद्ध पंचमीला येते, आणि माघ-फाल्गुन तर पंचांगाप्रमाणे शिशिर. नाव वसंताचे आणि मुक्काम शिशिरात, अशी गंमत इतरांकडेही आहे. वर उल्लेखिलेल्या ‘कोकिन्शू’तली पहिलीच कविता, जुने वर्ष संपायच्या आत वसंत आला, आता या वर्षाला गेले वर्ष म्हणावे की चालू वर्ष, अशा गोंधळाची आहे. दुसरे नाव मात्र सरळ पंचांगातले आहे. वसंत ऋतूचे महिने चैत्र आणि वैशाख. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १८७५ साली सुरू केलेली व्याख्यानमाला एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यापासून सुमारे महिनाभर चालते, म्हणजे बहुतेक वर्षी ती चैत्र-वैशाखातच बसते. ज्या वर्षी पाडवा मार्चमध्ये लवकर येतो त्या वर्षी शेवटची काही व्याख्याने ज्येष्ठात, म्हणजे पंचांगाच्या हिशेबाने ग्रीष्मात होतात; श्रोत्यांची त्याबद्दल तक्रार नसते, कारण त्यांच्या अंगरख्यापुरता ग्रीष्म होळीनंतरच सुरू झालेला असतो.